इंग्लंडमध्ये मॅजिस्ट्रेट व्हायचंय? आधी कोर्टात जाऊन बसा

"काकू, माझ्याकडे कायद्याची पदवी नाही, मग मला कोण घेणार?" इथल्या मराठी मुली फोनवर हमखास हेच विचारतात. भारतात मॅजिस्ट्रेट म्हणजे पगारी न्यायाधीश, म्हणून हा गोंधळ होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये बहुतेक मॅजिस्ट्रेट तुमच्याआमच्यासारखी माणसं असतात. पगार नाही, प्रवासखर्च आणि कमाई बुडाली तर ठरावीक भत्ता मिळतो. कायदा सांगायला शेजारी लीगल अ‍ॅडव्हायजर असतो. निर्णय मात्र तिघांच्या बेंचचा. मी अकरा वर्षं त्या बेंचवर बसले.

बिनपगारी आहे म्हणून काम हलकं समजू नका. इथला प्रत्येक फौजदारी खटला मॅजिस्ट्रेट कोर्टातच सुरू होतो आणि दहातले नऊहून जास्त तिथेच निकाली निघतात. नोव्हेंबर २०२४ पासून काही गुन्ह्यांत एका गुन्ह्याला १२ महिन्यांपर्यंत कैद देता येते. कुणाचं तरी एक वर्ष तुमच्या हातात असतं.

वयाची अट १८ ते ७४. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. पोलिसांत असाल तर मात्र नाही. वर्षाला किमान १३ दिवस आणि निदान पाच वर्षं द्यायची तयारी हवी. या कामासाठी वाजवी रजा देणं मालकावर बंधनकारक आहे, त्या रजेचा पगार देणं नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी साहेबांशी बोलून घ्या.

आता मुख्य गोष्ट. अर्जाच्या आधी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसा, निदान दोनदा तरी, आणि घाईत नको, पूर्ण सकाळभर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा विम्याशिवाय गाडी चालवलेला एक पोरगा उभा होता. इथे दंड आठवड्याच्या कमाईवरून ठरतो, त्यामुळे आधी त्याची कमाई विचारली गेली. त्याने पुटपुटत आकडा सांगितला. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं, त्याच्याकडे बघितलं आणि तोच प्रश्न सोप्या शब्दांत पुन्हा विचारला. मग दंड सांगितला, कारण सांगितलं, आणि "दर आठवड्याला किती जमतील?" असंही विचारलं. तो पहिल्यांदा मान वर करून बोलला. हे काम काय आहे ते मला त्या दोन मिनिटांत कळलं. असं काही तुम्ही टिपलंत तर वहीत लिहून ठेवा, मुलाखतीत उपयोगी पडेल.

अर्ज ऑनलाइन असतो. प्रसंग देऊन तुम्ही काय कराल ते विचारणारी चाचणी असते, मग मुलाखत. कायद्याचं पाठांतर तिथे कुणी तपासत नाही. समोरच्याची बाजू समजते का, निर्णयामागचं कारण सांगता येतं का, चूक दाखवली तर ऐकून घेता का, हे बघतात. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी सारखं "आम्ही ठरवलं" म्हणत होते. "आणि तुम्ही स्वतः काय केलंत?" असं विचारल्यावर मी गप्पच झाले. तेव्हा निवड झाली नाही, पुढच्या वेळी झाली. आपल्याला "मी" म्हणायचा संकोच असतो. इथे तो सोडा. आयुष्यातला एखादा खरा प्रसंग निवडा, शक्यतो मत बदलावं लागलं असा. आणि जुना ट्रॅफिकचा दंडसुद्धा लपवू नका. दंडाने फारसं बिघडत नाही, लपवल्याने विश्वास जातो.

निवड झाली की शपथ. धर्मग्रंथ आपल्या पसंतीचा, नको असेल तर नुसती प्रतिज्ञा. मी गीतेवर हात ठेवला होता. "भीती वा मेहेरनजर, माया वा आकस न ठेवता" अशा अर्थाचे शब्द उच्चारताना माझा आवाज कापला होता.

मग काही दिवसांचं प्रशिक्षण, आणि सुरुवातीच्या बैठकांना एक अनुभवी मेंटॉर सोबत. नवे लोक मागच्या खोलीत चर्चेला बसले की ज्येष्ठांच्या तोंडाकडे बघतात. तसं करू नका. माझ्या पहिल्याच दिवशी अध्यक्षांनी सगळ्यात आधी माझं मत विचारलं, कारण नंतर विचारलं असतं तर मी त्यांच्याच सुरात सूर मिळवला असता. निर्णय दोन विरुद्ध एक झाला तरी बाहेर तो बेंचचाच म्हणून सांगितला जातो. कोण विरोधात होतं ते कुणाला कळत नाही. म्हणून आत असताना, दार बंद असताना, जे वाटतं ते कारणासकट बोला.