चार मिनिटं वीस सेकंद: वायरलेस व्हीलॅनवर आयजीएमपी स्नूपिंग लावताना

आयजीएमपी स्नूपिंग (कोणाला कोणती मल्टिकास्ट स्ट्रीम हवी आहे ते उपकरणाने ऐकून टिपून ठेवणं) चालू केलं, टॅबलेटवर व्हिडिओ दिसला आणि काम झालं असं समजून मी निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच तक्रार आली. चित्र काही मिनिटं नीट चालतं, मग गोठतं. ॲप बंद करून उघडलं की पुन्हा चालू होतं. पुढचे तीन दिवस मी चॅनेल बदलले, पॉवर कमी-जास्त केली, केबलीसुद्धा तपासल्या. रेडिओत काही दोषच नव्हता. तुमचे असे तीन दिवस वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग), एसएसआयडी (वायफायचं नाव), मल्टिकास्ट ग्रुप (एकच स्ट्रीम घेणाऱ्यांचा गट) हे तुम्हाला येतं असं धरते. स्नूपिंगची गरज का पडते तेवढं सांगते. हवेत मल्टिकास्टला पोचपावती नसते, म्हणून ॲक्सेस पॉइंट तो सहसा सगळ्यात कमी बेसिक रेटने सोडतो. २.४ गिगाहर्ट्झवर हा रेट १ एमबीपीएस असू शकतो. तिथे ४ एमबीपीएसची एक स्ट्रीम आली की बाकीच्यांना हवाच उरत नाही. स्नूपिंगच्या तक्त्यावरून कंट्रोलरला (ॲक्सेस पॉइंट चालवणाऱ्या उपकरणाला) कळतं की ग्रुप कोणाला हवाय, आणि मग तेवढ्यांनाच युनिकास्ट करून, म्हणजे एकेकाला स्वतंत्रपणे, पाठवता येतं.

आता मी कुठे अडकले ते. स्नूपिंग फक्त ऐकतं, स्वतःहून विचारत नाही. ग्रुपमध्ये सामील होताना क्लायंट आपणहून रिपोर्ट पाठवतो आणि तक्त्यात नोंद होते. त्यानंतर कोणी विचारलं तरच तो बोलतो. विचारणारा तो क्वेरिअर. एरवी हे काम मल्टिकास्ट राउटर करतो. पण आमचा स्रोत आणि बघणारे एकाच व्हीलॅनमध्ये होते, त्यामुळे तिथे मल्टिकास्ट राउटिंग लावलेलंच नव्हतं. म्हणजे विचारणारं कोणीच नाही. आयजीएमपीच्या डीफॉल्ट मांडणीत दर १२५ सेकंदांनी क्वेरी येते. नोंद अशा दोन फेऱ्या थांबते, वर उत्तरासाठी १० सेकंद. एकूण २६० सेकंद, म्हणजेच चार मिनिटं वीस सेकंद. तेवढ्यात रिपोर्ट आला नाही की नोंद पुसली जाते आणि स्ट्रीम बंद. ॲप पुन्हा उघडलं की नवा रिपोर्ट जातो आणि पुन्हा २६० सेकंद मिळतात. मी चाचणी घेतली होती जेमतेम दोन मिनिटं.

त्या काळात एका सीनियरने सांगितलं, ‘स्नूपिंग बंद कर, चालेल.’ आणि खरंच चाललं, कारण ट्रॅफिक सगळीकडे पसरायला लागला. संध्याकाळी क्लायंट वाढले तसं अख्खं वायरलेस बसलं. असा सल्ला घेऊ नका, देणारा कितीही अनुभवी असो. काय टाइप करायचं ते सांगतो पण का ते सांगत नाही, त्याला पुन्हा विचारा. चिडला तरी विचारा. मला सोडवलं ते दुसऱ्या एका सहकाऱ्याच्या एका प्रश्नाने. कॅप्चर (नेटवर्कवरून पकडलेले संदेश) बघत त्यांनी विचारलं, ‘अगं, पण याला विचारतंय कोण?’ वायरशार्कमध्ये, म्हणजे हे संदेश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आयजीएमपीचा फिल्टर लावलेला होता. पडद्यावर एकच ओळ होती, क्लायंटचा रिपोर्ट. त्याखाली दहा मिनिटं काहीच नाही.

लगेच क्वेरिअर लावला, तोही चुकीच्या जागी, मॅनेजमेंट व्हीलॅनवर. क्वेरी दुसऱ्या व्हीलॅनमध्ये जात नाही. तिचा टीटीएलच (किती राउटर ओलांडता येतील त्याची मर्यादा) १ असतो. प्रत्येक व्हीलॅनला स्वतःचा क्वेरिअर हवा आणि त्या व्हीलॅनमधला आयपी त्याला द्यायला हवा. आयपी दिला नाही तर काही उपकरणं ०.०.०.० वरून क्वेरी सोडतात, आणि सगळेच क्लायंट ती मानतील असं नाही. दोन क्वेरिअर असतील तर लहान आयपीवाला जिंकतो. म्हणून क्वेरी कोणत्या पत्त्यावरून येतेय ते डोळ्यांनी बघा, कॉन्फिगरेशनवर विसंबू नका.

स्नूपिंगने बाकीचं काही तुटेल म्हणून घाबरू मात्र नका. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हे पत्ते स्नूपिंगने अडवू नयेत, सगळीकडे जाऊ द्यावेत, अशी शिफारस २००६ च्या आरएफसी ४५४१ या तांत्रिक दस्तऐवजातच आहे. त्यामुळे ओएसपीएफ (राउटरांचं आपसातलं बोलणं) किंवा एमडीएनएस (जवळची उपकरणं नावाने शोधणं) एवढ्याने सहसा तुटत नाही. आयपीव्ही६ असेल तर एमएलडी (तिथलं आयजीएमपी) स्नूपिंगलाही क्वेरिअरचा हाच नियम लावा. तिथे क्वेरिअर नसला तर नेबर डिस्कव्हरीचे (शेजारच्या उपकरणाचा पत्ता शोधण्याचे) ग्रुपही गळू शकतात, आणि तो बिघाड शोधणं फार जिवावर येतं.

आता नवा व्हीलॅन लावला की मी स्ट्रीम सुरू करते, शेजारी कॅप्चर उघडा ठेवते आणि उठत नाही. १२५ सेकंदांनी क्वेरी दिसते, पाठोपाठ क्लायंटचा रिपोर्ट. पाचवं मिनिट उलटून चित्र चालू असलं की मगच लॅपटॉप मिटते.