कॉलेजात नवीन लागलात? खानदेशात पहिल्या वर्षी या चुका टाळा

दरवर्षी कोणीतरी नवीन जॉइन होतं आणि दरवर्षी मला त्याच चुका दिसतात. मी केमिस्ट्री शिकवते, बावीस वर्षं झाली, आधी धुळे जिल्ह्यात होते आता जळगाव जिल्ह्यात. विद्यापीठ तेच, आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, १९९० ला पुण्यापासून वेगळं झालेलं, जळगाव धुळे नंदुरबार तिन्ही जिल्हे त्यात येतात. नवीन पोरंपोरी हुशार असतात, नेट सेट या पात्रता परीक्षा झालेल्या असतात, पीएचडी झालेली असते, पण नोकरी कशी धरायची हे कोणी सांगत नाही. म्हणून लिहितेय. क्रमाला अर्थ नाही, जे जास्त खुपतं त्यावर जास्त लिहिलंय.

कागद "नंतर घेऊ" म्हणणं

ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. जॉइन व्हायच्या आनंदात माणूस ऑर्डर घेतो, जॉइनिंग रिपोर्ट देतो, पेढे वाटतो आणि फाईल विसरतो.

आमच्याकडे एक सर आले होते, आधी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तीन वर्षं फुलटाइम होते, रीतसर मुलाखत देऊन लागलेले. इकडची ऑर्डर आली आणि दोन दिवसात जॉइन व्हायचं होतं, म्हणून तिथून फक्त कार्यमुक्तीचं पत्र घेतलं आणि निघाले. विद्यापीठाच्या मान्यतेच्या पत्राची कॉपी घेतली नाही, जाहिरातीचं कात्रण नाही, निवड समितीचा अहवाल नाही, अनुभवाचा दाखला नाही. मागून घेऊ म्हणाले. पुढे कॅसची, म्हणजे ठरावीक वर्षांनी होणाऱ्या प्रमोशनची वेळ आली, मागची तीन वर्षं धरायची म्हणजे तिथली नेमणूक नियमित होती, निवड समितीमार्फत झाली होती, पात्रता आणि पगार बरोबर होता हे कागदावर दाखवावं लागतं. तोपर्यंत तिकडचे भाऊसाहेब, म्हणजे ऑफिसचे क्लार्क, रिटायर, प्राचार्य बदललेले, आणि जुन्या रेकॉर्डच्या खोलीत पावसाचं पाणी शिरलेलं. सरांनी दोन दिवाळीच्या सुट्ट्या तिकडे एसटीने चकरा मारण्यात घालवल्या. शेवटी तिकडच्या विद्यापीठाच्या मान्यता विभागात जुनी नोंद सापडली आणि तिच्यावरून दाखला मिळाला, पण चौदा महिने गेले. त्या चौदा महिन्यात त्यांच्या मागून लागलेल्या दोघांचं प्रमोशन झालं आणि ते पुढे निघून गेले. सर स्टाफरूममध्ये काही बोलायचे नाहीत, पण डबा अर्धा ठेवून उठायचे ते मी पाहिलंय.

म्हणून माझी सवय सांगते, पद्धत वगैरे नाही, सवयच. एक बॉक्स फाईल. त्यात जाहिरात, अर्जाची कॉपी, मुलाखतीचं पत्र, नेमणूक आदेश, जॉइनिंग रिपोर्ट, विद्यापीठाची मान्यता, मेडिकल, राखीव जागेवर असाल तर जात वैधता, आधीच्या ठिकाणचं सगळं. प्रत्येकाच्या तीन कॉपी, एक घरी, एक कॉलेजच्या कपाटात, एक माहेरी. मोबाईलमध्ये स्कॅन पण असतं, पण मोबाईल हरवतो. ऑफिसला कुठलाही अर्ज द्या, साधी रजा असली तरी, दुसऱ्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. भाऊसाहेब थोडे वैतागतात, वैतागू द्या. ते साठ जणांच्या फायली सांभाळतात, तुमची एक तुम्हीच सांभाळायची.

सेवापुस्तक वर्षातून एकदा स्वतः उघडून बघा. पगारवाढीची तारीख, रजेचा हिशोब, वेतननिश्चिती, आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात पडताळणीला गेलं होतं का ते. एनपीएसची, म्हणजे पेन्शनची, कपात पगारपत्रकात दिसते पण ती तुमच्या प्रान नंबरच्या पेन्शन खात्यात जमा झाली का हे वेगळं बघावं लागतं, पहिल्या सहा महिन्यात तर नक्कीच. आणि मुलींनो, लग्नानंतर नाव बदललं असेल तर डिग्रीवर एक नाव, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं असं ठेवू नका, राजपत्राची कॉपी करून घ्या आणि सगळीकडे एकच नाव चालवा. माझ्या ओळखीच्या एका मॅडमचा पहिला पगार यातच चार महिने अडकला.

ओरिएंटेशन, म्हणजे नवीन शिक्षकांचा ट्रेनिंग कोर्स, ज्याला आता इंडक्शन म्हणतात, तेही लोक पुढे ढकलतात. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम बघा, पगाराच्या लेव्हल १० वरून ११ ला जायला पीएचडी असेल तर ४ वर्षं, एमफिल असेल तर ५, दोन्ही नसेल तर ६, आणि त्यात २१ दिवसांचा ओरिएंटेशन लागतोच, शिवाय एक रिफ्रेशर किंवा तत्सम कोर्स. कोर्स उशिरा झाला की प्रमोशनची तारीखही तितकी पुढे सरकते. पाचव्या वर्षी धावाधाव करणारे बघून मला खरंच वाईट वाटतं, पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतच उरकून टाका ना.

पैसे भरून तीन दिवसात पेपर

इथे मी कडक बोलणार. व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, पंधराशे रुपये भरा, तीन दिवसात पेपर छापून सर्टिफिकेट. आणि नवीन माणूस भरतो, कारण त्याला पहिल्या वर्षीच यादी लांब करायची असते. विचारलं तर म्हणतो मॅडम आयएसएसएन आहे की. अहो आयएसएसएन हा नुसता ओळख क्रमांक असतो, नियतकालिकाला कोणालाही मिळतो, त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. आधी यूजीसी केअरची, म्हणजे मान्य जर्नल्सची, यादी बघा म्हणून सांगता यायचं, ती यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली, आता निकष लावून तुमच्या संस्थेने आणि तुम्हीच ठरवायचं. म्हणजे जबाबदारी वाढली. मी काय करते, त्या जर्नलचे मागचे दोन अंक उघडते आणि माझ्या विषयातले दोन पेपर पूर्ण वाचते. एकाच अंकात केमिस्ट्री, कबड्डी आणि संत साहित्य असेल तर बंद करते. संपादक मंडळातल्या एकाच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन तो माणूस खरा आहे का बघते. अर्धा तास लागतो. तुमच्या नावावर एकदा फालतू पेपर चढला की तो निघत नाही, उद्या तुम्ही पीएचडीच्या गाईडशिपला अर्ज कराल तेव्हा समोर बसलेला माणूस तोच उघडणार. घाई असेल तर पेपर लिहूच नका, पहिलं वर्ष शिकवण्यात घाला, मी तेच केलं आणि माझं काही अडलं नाही.

पोरं कुठून येतात हे न बघता शिस्त लावणं

आता माझा सगळ्यात जवळचा विषय. नवीन शिक्षक पुणे, कोल्हापूर, संभाजीनगरकडून आलेला असतो, पहिल्या आठवड्यात जाहीर करतो, आठच्या लेक्चरला आठला कडी लागेल. ठीक आहे, वेळ पाळावी. पण तुमच्या वर्गातल्या पंचवीस पोरी एकाच एसटीने येतात आणि ती एसटी स्टँडवर आठ वीसला लागते हे कोणाला विचारलं का? दुसरी गाडी साडेदहाची. कडी लावली तर त्या पोरी दोन दिवस बाहेर उभ्या राहतात, तिसऱ्या दिवशी येतच नाहीत, आणि एकीचं येणं बंद झालं की घरचे म्हणतात बाकीच्या पण नको. एका वर्षी आमच्याकडे हे झालं. टाइमटेबल समितीला सांगून ते लेक्चर पावणेनऊला सरकवलं, फक्त एवढंच केलं, आणि वर्ग भरला. म्हणून पहिल्या दिवशी हजेरी घेताना गावाचं नाव आणि कुठल्या गाडीने येतो हे लिहून घ्या. माझ्या हजेरीपटात नावापुढे पेन्सिलने ते असतं, आजही.

तसंच दसऱ्यापासून कापूस वेचणी लागते, हजेरी पडते. ती पोरं उनाडक्या करत नसतात, शेतात असतात, मजूर परवडत नाही म्हणून. दिवाळीनंतर नंदुरबारकडची काही घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरगं पण जातं नाहीतर घरी लहान भावंडं सांभाळतं. श्रावणात कानबाई असते, मग पोळा, वैशाखात आखाजी, आणि सातपुड्यात होळी एका दिवसाची नसते, गावोगावी वेगळ्या दिवशी असते. त्या आठवड्यात इंटर्नल टेस्ट ठेवून नंतर "हे लोक सिरियस नाहीत" म्हणणारे सर मी पाहिलेत. मला त्याचा राग येतो. कॅलेंडर हातात घ्या, जुन्या शिपाई नानांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं.

आणि भाषा. एक मुलगी होती एफवायला, शिरपूरकडची. टायट्रेशनच्या (नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून करायच्या प्रयोगाच्या) तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, एंड पॉइंट कसा ओळखतेस. गप्प. परत विचारलं, इंग्रजीत, मग पुस्तकी मराठीत. मान खाली. सरांनी शून्य लिहायला पेन टेकवला. मी म्हटलं एक मिनिट सर, आणि तिला अहिराणीत म्हटलं, सांग बरं, कसं कयं तू? ती लगेच बोलायला लागली, मॅडम, फिक्का गुलाबी रंग उना का नळी बंद करी देवानं, गडद व्हवू देवानं नही, गडद व्हयना म्हंजे जास्ती पडी गयं. म्हणजे फिका गुलाबी आला की नळी बंद करायची, गडद होऊ द्यायचा नाही, गडद झाला तर जास्त पडलं. पूर्ण बरोबर. फिनॉल्फ्थॅलीन या रंग दाखवणाऱ्या द्रव्याचा एंड पॉइंट म्हणजे टिकून राहणारा पहिला फिका गुलाबी, तिने तो हाताने केला होता, नजरेने ओळखला होता, फक्त तिच्याकडे तो शब्द नव्हता. सरांनी शून्य खोडून पूर्ण मार्क दिले, हे त्यांचं मोठेपण.

मी असं म्हणत नाही की बाहेरून आलेल्याने उगाच अहिराणी मारायची, ते पोरांना खोटं वाटतं. बोलू नका, ऐका. पोराला म्हणा तुझ्या भाषेत सांग, नसेल कळत तर शेजारचा सांगेल. आणि सगळ्या खानदेशात अहिराणी एवढंच धरून चालू नका, रावेर यावलकडे लेवा बोली आहे, धडगाव अक्कलकुव्याकडून आलेल्या पोरांची घरची भाषा पावरी नाहीतर भिली असते, नवापूरकडे मावची. त्यांना मराठीसुद्धा शाळेत शिकलेली दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी. मी प्रत्येक युनिटचे वीस इंग्रजी शब्द फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि महिनाभर पुसत नाही. कोणी शिकवलेली युक्ती नाही, सवय लागली.

बाकीच्या चुका पटपट सांगते.

प्रत्येक कमिटीला हो म्हणणं. नॅक (कॉलेजचं मूल्यांकन), परीक्षा, सांस्कृतिक, वेबसाइट, सगळं नवीन माणसावर येतं. आठवड्याला सोळा तास शिकवायचं असतं, हे सगळं घेतलं तर तयारी कधी करणार. एक घ्या आणि नीट करा. मला विचाराल तर एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) घ्या, सात दिवसांच्या शिबिरात गावात राहिलात की तुमची पोरं कोणत्या घरातून येतात ते कळतं.

कार्यक्रमाचा अहवाल वर्षाच्या शेवटी लिहिणं. नोटीस, हजेरीची सह्यांची शीट, चार फोटो, एक पान अहवाल, त्याच दिवशी संध्याकाळी फाईलला. एक्यूएआरच्या, म्हणजे नॅकला द्यायच्या वार्षिक अहवालाच्या वेळी जुन्या फोटोंवरून तारखा आठवत बसणारे मी फार पाहिलेत.

कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या तपासणी केंद्रावर, पेपर तपासताना गठ्ठा संपवायची शर्यत लावणं. विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागता येते आणि बेरीज चुकलेली निघाली तर पोराचं वर्ष टांगणीला लागलेलं असतं. मी बेरीज एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर करते. शेवटचं पान उलटून बघते, पुरवणी राहते.

इंटर्नलचे मार्क शेवटच्या रात्री भरणं. साइट बसते. चार दिवस आधी भरा, प्रिंट काढा, सही करून ठेवा.

नुसत्या पीपीटीवर शिकवणं. लाइट जाते. खडू खिशात ठेवा.

खासगी ट्यूशन. घेऊ नका, यूजीसीच्या आचारसंहितेत ट्यूशनपासून दूर राहा असंच म्हटलंय, आणि वर्गात बसलेल्या गरीब पोराच्या नजरेत तुम्ही उतरता.

स्टाफरूममधल्या गटात पहिल्या महिन्यात बसणं. कोण कोणाशी का बोलत नाही याला वीस वर्षांचा इतिहास असतो, तुम्हाला तो माहीत नाही. डबा सगळ्यांबरोबर खा, हिवाळ्यात भरीत पार्टीला बोलावलं तर जा, सगळ्यांकडे जा.

आणि घर. दरवर्षी कोणीतरी पावसाळ्यात जॉइन होतं, छान हवा असते, सर्वात वरच्या मजल्यावरची खोली स्वस्त मिळते म्हणून अकरा महिन्यांचा करार करून टाकतं. जळगाव भुसावळला मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, स्लॅब रात्री दोनपर्यंत तापलेला असतो, कुलर गरम हवा फेकतो. त्यातच एप्रिल मेच्या परीक्षा, सुपरव्हिजन, मग कॅप, झोप नसेल तर हे होत नाही. आमच्या एका नवीन मॅडम अशाच एका उन्हाळ्यात सुपरव्हिजन करताना चक्कर येऊन पडल्या, सलाइन लावावं लागलं. मधला मजला बघा, पश्चिमेची भिंत मोकळी नसलेली खोली बघा, भाडं पाचशे जास्त गेलं तरी चालेल, आणि घरमालक काकूंना आधीच विचारून घ्या की उन्हाळ्यात पाणी किती दिवसांनी येतं, काही भागात ते रोज येत नाही, टाकी केवढी आहे ते स्वतः वर चढून बघा.