पगाराची वही आणि जामिनकीची सही

पगार जमा झाला की त्याच संध्याकाळी मी लाल बांधणीची लांब वही काढते. नर्सच्या नोकरीला ३१ वर्षं झाली, पहिली वही अजून ट्रंकेत आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्यानं लग्न झालेल्यांना मी पहिल्यांदा वहीच घ्यायला सांगते. पैसा देवाचा, आपण नुसते कारभारी, आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावाच लागतो.

पहिली ओळ चर्चच्या अर्पणाची. बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथ गावच्या मंडळीला सांगितलं होतं की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या कमाईप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. म्हणजे उरलं तर द्यायचं, असं नाही. मी एटीएममधून नोटा आणते, चार रविवारची चार पाकिटं करते आणि पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, कव्हरात सरकवून ठेवते. हातात २८,००० येत असतील तर दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, २,८०० होतो. तेवढं झेपत नसेल तर ५०० पासून सुरू करा, पण मनात ठरवून आणि आनंदानं द्या. मात्र किराणावाल्याची उधारी थकवून अर्पण देऊ नका. आईबापाला द्यायचे पैसे 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावावर टाकणाऱ्यांना प्रभू येशूनं मार्काच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात चांगलंच सुनावलंय. आधी देणं भागवा.

दुसरी ओळ शिल्लकीची. बायबलमधल्या योसेफानं मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरून घेतला. आम्हाला शिल्लकीचं मोल २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं. कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी चढलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, पंपावर पेट्रोल मिळेना. नवऱ्याची रिक्षा आठ दिवस दारात उभी. तेव्हापासून तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवतो. हे पैसे बँकेत ठेवा. बँक बुडाली तरी एका खातेदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, मग ती बँक सहकारी का असेना. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. जास्त व्याजाच्या पाटीकडे बघताना हे लक्षात असू द्या.

नाताळचे कपडे, केक, करंज्या-चकल्या यांच्यासाठी जानेवारीपासून महिन्याला ५०० ची भिशी पुरते.

आता जामिनकीबद्दल. आपल्याकडं घरं यातच बुडतात, आणि चर्चमध्ये यावर कुणी बोलत नाही.

२०१४ साली माझा चुलत दीर टेम्पो घ्यायला निघाला. एका पतसंस्थेचं कर्ज होतं, नोकरीवाला जामीन हवा होता. "वैनी, नुसती सही तर करायची हाय." मी पगाराची स्लिप दिली, दोन फोटो दिले, पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या सात जागी सह्या केल्या. वाचलं काहीच नाही. त्या कागदांत पगारातून कपात करायचं संमतिपत्रही होतं. दीड वर्षानं टेम्पो विकला गेला, हप्ते थांबले, आणि संस्थेचं पत्र थेट माझ्या कामाच्या ठिकाणी अकाउंट विभागात आलं. २२ महिने पगारातून ६,२०० कापले गेले. लेकीच्या क्लासची फी मी कानातलं गुजरीत, सोनारांच्या पेठेत, मोडून भरली.

कायदा काय म्हणतो ते नंतर समजलं. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेनं आधी त्याच्याकडं जावं, मग तुमच्याकडं, असं काही नाही. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा हुकूम, निघाला की त्यात दोघांचीही नावं येतात. आणि बायबलमधल्या नीतिसूत्रांचा ६ वा अध्याय तर कधीपासून सांगतोय: शेजाऱ्याला जामीन राहिला असशील तर डोळ्याला डोळा लावू नकोस, जा, विनवणी कर, हरिणासारखी सुटका करून घे.

म्हणून कुणी सही मागितली तर कागद घरी मागून घ्या आणि एक रात्र जाऊ द्या. वहीत त्याचा हप्ता आपल्या खर्चात लिहून बघा. पुढची तीन वर्षं तो आपल्याला भरता येत असेल, तरच सही. नाहीतर सरळ नाही म्हणा. नातं तुटेल ही भीती मलाही होती, पण नातं तुटलं ते सही केल्यामुळंच. मदत करायचीच तर झेपेल तेवढे पैसे हातात द्या आणि दानाच्या रकान्यात लिहा. परत मिळण्याची आशा न धरता उसनं द्या, असं प्रभूनंच सांगितलंय.

सही आधीच करून बसला असाल तर दर महिन्याला संस्थेत जाऊन कर्जखात्याचा उतारा बघा. एक हप्ता चुकला की त्याच दिवशी कर्जदाराच्या घरी जा, तिसऱ्या हप्त्याची वाट बघू नका. जामीनदार बदलून द्या म्हणून लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. संस्था मान्य करेपर्यंत तुमची सुटका नाही, म्हणून दुसरा जामीन मिळवायला कर्जदारालाही सोबत न्या.

दोन वर्षं दीर आमच्याकडं आला नव्हता. एका गुड फ्रायडेला उपासनेनंतर फाटकाशी थांबला आणि माझ्या हातात ५०० ची नोट ठेवली. आता कधी पाचशे, कधी हजार आणून देतो. ते मी वहीच्या मागच्या पानावर तारखेसकट लिहिते, आणि तो चहा पिऊन जातो.