किनाऱ्यावर तंबू ठोकताय? या चुका टाळा

कोजागरीला समुद्रकिनारी राहायचं, चांदण्यात दूध आटवायचं, असा आमचा बेत होता. रायगड जिल्ह्यातल्या एका गावात संध्याकाळी पाचला पोहोचलो, तेव्हा समोर एवढी रुंद पुळण पसरली होती की पाणी कुठे आहे ते नजरेने शोधावं लागत होतं. ओल्या वाळूपासून तीसेक पावलं मागे, सपाट जागा बघून तीन तंबू लावले. रात्री बाराच्या सुमाराला मुलं गाढ झोपेत असताना पहिली लाट तंबूच्या तळाखाली शिरली. इजा कोणाला झाली नाही. पण अंधारात झोपलेली दोन मुलं काखोटीला मारून, भिजलेलं अंथरूण ओढत वर पळताना माझे हात कसे थरथरत होते ते मी अजून विसरलेले नाही.

सकाळी शेजारच्या वाडीतले नाखवा चहा घेऊन आले. ते रागावले नाहीत, फक्त विचारलं, "घरात कालनिर्णय लावलेलं नाही का?"

त्या प्रश्नात सगळं आलं. किनाऱ्यावरच्या मुक्कामात होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं: दुपारचा समुद्र बघून आपण रात्रीची जागा ठरवतो.

तिथी न बघता निघणं

कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हिशेब असा: तिथीच्या पाऊणपट जो आकडा येईल, ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, पण बारा धरून चालावं. भरती दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने येते आणि दोहोंच्या मधे, सव्वासहा तासांनी, ओहोटी. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि रत्नागिरी-मालवणकडे भरती मुंबईच्या थोडी आधी येते. नेमकी वेळ आणि उंची हवी असेल तर भरतीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं, पण रेंज नसलेल्या किनाऱ्यावर पाऊणकीचा हिशेबच कामाला येतो.

आता आमच्या कोजागरीकडे बघा. पौर्णिमा, म्हणजे मध्यरात्री भरती आणि संध्याकाळी सहाला ओहोटी. आम्ही पाचला पोहोचलो ती दिवसातली सगळ्यात फसवी वेळ होती. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. रायगड-मुंबईच्या पट्ट्यात अशा दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. सपाट पुळणीवर चार मीटर उंची म्हणजे आडवं शंभर-दीडशे पावलांचं अंतर सहज होतं. चांदण्याच्या ओढीने लोक नेमकी पौर्णिमाच निवडतात, आणि तीच रात्र सगळ्यात जास्त जपायची असते. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो, कधी तेव्हाच जास्त असतो. म्हणून "पौर्णिमा काल झाली" म्हणून निर्धास्त होऊ नका.

आणखी एक बारकावा सांगते, कारण तो फार कमी जणांना ठाऊक असतो. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दिवसाची भरती चढी असते, तर डिसेंबर-जानेवारीत रात्रीची. तंबूत राहण्याचा आपला हंगाम हिवाळ्याचा. त्यामुळे दुपारच्या भरतीने वाळूवर काढलेली रेघ बघून "पाणी इथवरच येतं" असं मानलंत, तर रात्री ते त्याच्याही वर येऊ शकतं.

पहिल्यांदाच जात असाल, मुलं बरोबर असतील, तर सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे दिवस घ्या. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार वर चढत नाही. अर्धा चंद्रही पुरेसा उजेड देतो.

जागा चुकीची निवडणं

किनारा स्वतःच जागा दाखवतो. सुकलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले, प्लास्टिकच्या बाटल्या यांची रांग दिसते, ती अलीकडच्या भरतीची हद्द. अशा दोन-तीन रांगा असतील तर सगळ्यात वरची धरा. तिच्याही वर जांभळ्या फुलांची, वाळूवर लांबच लांब सरपटत गेलेली वेल दिसेल. तिचं नाव मर्यादवेल. समुद्राने इथवर यायचं, ही मर्यादा ती दाखवते. नाव ठेवणाऱ्याने किती बघून ठेवलंय! तंबू तिच्या मागे, जमिनीच्या बाजूला लावा. तिच्यावर मात्र लावू नका आणि ती उपटूही नका. वाऱ्याने उडणारी वाळू तीच धरून ठेवते.

माडाखाली तंबू नको. नारळ डोक्यात पडला तर काय होतं ते सांगायला नको, आणि सुकलेली झावळ वारा नसतानाही खाली येते. आजूबाजूच्या जमिनीवर झावळ्या पडलेल्या असतील तर ती जागा सोडा. सावलीला सुरूचं बन उत्तम. आक्षी-नागाव, दिवेआगर, गुहागर अशा अनेक ठिकाणी किनाऱ्याला लागून ते आहे. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ जमिनीवर आलं आणि या पट्ट्यातली असंख्य झाडं मोडली, ती आठवण ठेवून वरची एकही वाळकी फांदी आपल्या डोक्यावर येत नाही ना, हे मान वर करून बघाच.

ओहोळ किंवा खाडी समुद्राला मिळते तिथली सपाट वाळू सगळ्यांना मोहात पाडते. तिथे राहू नका. भरतीचं पाणी खाडीतून मागच्या बाजूने चढतं आणि तुमची जागा बेट होऊन बसते.

सुरूचं बन पुष्कळ ठिकाणी वन विभागाचं असतं, काही जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असतात. गावात पोहोचल्यावर आधी चौकशी करा. गावाने किंवा बचत गटाने तंबूंसाठी राखलेला तळ असेल तर तिथेच पैसे भरून राहा. पाणी, संडास, रात्री हाकेला धावून येणारं माणूस या तीन गोष्टी त्यात मिळतात.

खुंट्या वाळूत ठोकून मोकळं होणं

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक लोखंडी खुंट्या मातीसाठी असतात. कोरड्या वाळूतून त्या एका झटक्यात निघतात. त्याऐवजी पिशवीत वाळू भरा, ताणदोर तिला बांधा आणि हात-दीड हात खोल खड्ड्यात ती पुरून वर वाळू दाबून बसवा. पिशव्या नसतील तर नारळाची सोडणं किंवा जाड काठी आडवी पुरा. होडीचा नांगर जसा धरतो तसं हे धरून राहतं. सकाळी निघताना पिशव्या उकरून परत घ्यायच्या.

वाऱ्याचाही अंदाज ठेवा. दुपारभर समुद्राकडून खारा वारा जोरात येतो, सूर्य मावळला की पडतो, आणि उत्तररात्री जमिनीकडून मतलई वारा हलकेच सुटतो. तंबूचं दार समुद्राकडे ठेवलं तर देखावा छान मिळतो, पण दुपारी आत वाळूच वाळू होते. दार आडव्या दिशेला, उत्तर किंवा दक्षिणेकडे ठेवणं बरं.

"पाऊस नव्हता तरी तंबू आतून कसा भिजला?" हे मला नेहमी विचारतात. बाहेर दव पडतं, कापड गार होतं आणि आतल्या माणसांच्या श्वासाची वाफ त्यावर धरते. बाहेरचं आच्छादन आतल्या कापडाला चिकटू न देता ताणून बांधा आणि वरच्या जाळीदार खिडक्या थंडीतही उघड्या ठेवा. खिडक्या बंद करून बसलात तर पहाटे अंगावर थेंब पडणार.

शेकोटी वाळूने बुजवणं

ही चूक जवळजवळ सगळे करतात, आणि तिच्यात सगळ्यात जास्त पाय भाजतात. वाळू टाकल्यावर जाळ दिसेनासा होतो, पण खाली निखारे तासन् तास धगधगत राहतात. सकाळी अनवाणी पळणारं पोर नेमकं तिथे पाय ठेवतं. शेकोटी पाण्याने विझवा, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता, हाताला गार लागेपर्यंत. पाय भाजलाच तर पंधरा-वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका.

सुरूच्या बनात शेकोटी अजिबात नको. जमिनीवर सुरूच्या वाळलेल्या सुयांचा थर असतो, तो पेटायला एक ठिणगी पुरते.

थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांचं घमेलं किंवा पेटती शेगडी तंबूत घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेत गेलेल्या माणसाला काही कळत नाही. कोणाला तंबूत डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा आणि मग कारण शोधा.

गाडी पुळणीवर नेणं

बहुतेक किनाऱ्यांवर याला मनाई आहे, तरी दर हंगामात लाटांत उभ्या गाड्यांचे फोटो येतात. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक आणखी खोल जातं. सगळ्यांनी उतरा, चाकांपुढची वाळू हाताने उकरा, पायपोस किंवा झावळ्या चाकाखाली सरकवा, टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा आणि हळूच बाहेर काढा. आणि हे करण्याआधी भरतीची वेळ मनात मोजा. तासाभरात पाणी येणार असेल तर स्वतः खटपट करत बसू नका, गावातला ट्रॅक्टर बोलवा.

ओहोटीत पोहायला उतरणं

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. मुरूडला गेले की मला ते आठवल्याशिवाय राहत नाही. गुडघाभर पाण्यात उभं असतानाही पायाखालची वाळू सरकते आणि ओढ आत नेते. लाटा फुटत असताना मधेच एखादा शांत, गढूळ पट्टा दिसतो, फेस तिथून आत जाताना दिसतो. लोक तो सुरक्षित समजून तिथेच उतरतात. ती ओढीची वाट असते. तुम्ही सापडलातच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. तरंगत राहा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्यातून बाहेर या, मग लाटांबरोबर परत फिरा. बुडणाऱ्यामागे नुसतं धावत जाऊ नका. रिकामा पाण्याचा कॅन, दोर, ट्यूब, जे तरंगेल ते फेका आणि ११२ वर फोन करा. दारू पिऊन किंवा अंधारात पाण्यात उतरायचं नाही, यात तडजोड नाही.

उथळ पाण्यात पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, असू शकतं. पाय उचलून न टाकता घासत चाललं की ते बाजूला होतं. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवा, वेदना उतरते, आणि लगेच दवाखाना गाठा.

कासवांच्या किनाऱ्यावर दिवे लावणं

वेळास, आंजर्ले, केळशी, हरिहरेश्वर, दिवेआगर, गुहागर इथे ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात, आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरटी जपली. पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं. रात्री समुद्राकडचं क्षितिज उजळ असतं म्हणून ते पाण्याकडे जातं. तुमची विजेची माळ, शेकोटी किंवा हॅलोजन त्याला उलट्या दिशेला, कुत्र्याकावळ्यांच्या तोंडी नेतात. या गावांत राहणार असाल तर गावकऱ्यांच्या घरी उतरा, किनाऱ्यावर तंबू नको. रात्री वाळूत रांगत वर आलेली मादी दिसली तर टॉर्च विझवून जागच्या जागी थांबा आणि गावातल्या कासवमित्राला कळवा. अंड्यांना हात लावू नका.

घरी आल्यावर तंबू तसाच गुंडाळून ठेवणं

खारं पाणी आणि वाळू महिनाभरात चेन खातात, दांड्यांच्या जोडात मीठ धरतं. त्याच आठवड्यात तंबू उलटा करून झटका, दांड्यांसह गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. दांड्यांचे जोड फडक्याने पुसून घ्या. चेन अडखळत असेल तर जुन्या टूथब्रशने वाळू काढा आणि दातांवर मेणबत्ती घासा. पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नका, बुरशीचा वास मग जात नाही.