कौन्सिल टॅक्सच्या बिलातली सगळ्यात छोटी ओळ

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, नाव कसं घालायचं, शाळेत प्रवेश कसा मिळतो, बँक खातं कुठे उघडायचं. हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी अठरा वर्षांपूर्वी इथल्या एका छोट्या गावात आलो, तेव्हा मला कोणी सांगितली नाही ती गोष्ट वेगळी होती. आपण राहतो त्या गावाचा कारभार कोण बघतं, त्यासाठी आपल्या खिशातून किती जातं आणि त्याचा हिशोब कुठे मागायचा?

आधी बिलाचं बघू. मार्चमध्ये कौन्सिल टॅक्सचं पत्र येतं. आपल्याकडे घरपट्टी घरमालक भरतो, त्यामुळे मला वाटलं हे पत्र मालकाचंच. दोन महिने ते फ्रिजवर मॅग्नेटखाली ठेवलं, मालक आला की द्यायचं म्हणून. मालक आला नाही, स्मरणपत्र आलं. इथे हा कर सहसा घरात राहणारा भरतो, भाडेकरू असला तरी. (एकेक खोली वेगवेगळ्या लोकांना भाड्याने दिलेलं घर असेल तर मात्र बहुधा मालकावर येतो.) एकटे राहत असाल तर २५ टक्के सूट मागा, आपोआप मिळेल अशा भरवशावर राहू नका. घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कर माफ, पण तेही कळवावं लागतं. बिल सहसा एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत असतं, हवे तर बारा हप्ते करून मागता येतात. आणि यात पाणी नाही. पाण्याचं बिल वेगळं येतं.

आता पत्राची मागची बाजू. तिथे एकेक ओळ असते: काउंटी (साधारण आपल्या जिल्ह्यासारखा थर), डिस्ट्रिक्ट (नाव जिल्ह्याचं, पण थर काउंटीच्या खालचा, तालुक्यासारखा), पोलीस, अग्निशमन, आणि बहुतेक वेळा सगळ्यात कमी आकड्याची ओळ तुमच्या टाउन कौन्सिलची. ही ओळ नसेल तर बहुधा तुमच्या गावाला टाउन किंवा पॅरिश कौन्सिलच नाही. मोठ्या शहरांत बऱ्याच ठिकाणी नसतं. लंडनमध्ये असं एकच आहे, क्वीन्स पार्कचं, तेही २०१४ पासून. बाकी इंग्लंडभर मिळून ही कौन्सिलं दहा हजारांच्या घरात आहेत. ही व्यवस्था १८९४ च्या कायद्याने आली. १९७२ च्या कायद्यानुसार पॅरिश कौन्सिल एक ठराव करून स्वतःला टाउन कौन्सिल म्हणवून घेऊ शकतं, मग त्याच्या अध्यक्षाला मेयर म्हणतात. थोडक्यात, कायद्याच्या नजरेत तुमचं टाउन कौन्सिल हे मोठं झालेलं पॅरिश कौन्सिल. आपल्या भाषेत सांगायचं तर रुबाब नगरपालिकेचा आणि अधिकार जेमतेम ग्रामपंचायतीएवढे.

हे नीट न कळल्यामुळे मी पहिल्या वर्षी शोभा करून घेतली. आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल टाउन कौन्सिलला फोटोसकट तावातावाने ईमेल लिहिली. दुसऱ्याच दिवशी अत्यंत गोड उत्तर आलं, की रस्ते काउंटीकडे आहेत, तुमची तक्रार पुढे पाठवली आहे. मग कचऱ्याबद्दल लिहिलं. तो डिस्ट्रिक्टकडे. तिसऱ्यांदा शेजाऱ्याच्या वाढीव बांधकामाबद्दल लिहिलं, तर बांधकाम परवानगीवर टाउन कौन्सिल फक्त मत देतं, निर्णय डिस्ट्रिक्टचा. मग यांच्याकडे आहे काय? बागा, मुलांचे झोपाळे, दफनभूमी, बाकं, बसथांब्याची शेड, आठवडी बाजार, सभागृह, अलॉटमेंट (भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणारे जमिनीचे तुकडे), नाताळची रोषणाई, कुठे सार्वजनिक शौचालयं, कुठे गावाचं घड्याळ. यादी गावागणिक बदलते. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट मिळून एकच युनिटरी कौन्सिल आहे तिथे वरचे दोन थर एक होतात, एवढाच फरक. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने उरलेल्या दोन थरांच्या भागांतही एकच थर करायचं धोरण जाहीर केलं. त्यामुळे बऱ्याच गावांत ‘डिस्ट्रिक्ट गेलं तर ही बाग, ही शौचालयं आपल्या गळ्यात येणार का’ हीच चर्चा चालते. गळ्यात आली की त्या छोट्या ओळीतला आकडा वाढतो.

तो आकडा येतो कसा ते एकदा समजून घ्या. टाउन कौन्सिल स्वतः कर गोळा करत नाही. ते वरच्या कौन्सिलला ‘आम्हाला एवढे द्या’ असं कळवतं, त्याला प्रिसेप्ट म्हणतात. समजा गावाचा वर्षाचा खर्च ४ लाख ६० हजार पौंड आहे. सभागृहाचं भाडं, दफनभूमीची फी, अलॉटमेंटचं भाडं असे ६० हजार येतात. उरलेले ४ लाख म्हणजे प्रिसेप्ट. करासाठी घरांचे किमतीनुसार ए ते एच असे बँड, म्हणजे गट, पाडलेले असतात. गावातली सगळी घरं बँड डी च्या मापात मोजली तर समजा ४,००० भरतात. मग बँड डी च्या घराला वर्षाला १०० पौंड. बँड ए ला त्याच्या दोन तृतीयांश, बँड एच ला दुप्पट. तुमच्या घराचा बँड कोणता, हे त्या घराची किंमत १ एप्रिल १९९१ ला किती असती यावरून ठरतं. घर मागच्या वर्षी बांधलेलं असलं तरी हेच! यावर डोकं खाजवू नका, इथल्या लोकांनीही सोडून दिलंय.

गंमत इथे आहे. गावाच्या कडेला नवी वसाहत झाली आणि ४,००० ची ४,२०० घरं झाली, तर प्रिसेप्ट ४ लाखांवरून ४ लाख २० हजार झाला तरी तुमचे १०० चे १०० च राहतात. त्यामुळे ‘प्रिसेप्ट पाच टक्क्यांनी वाढला’ अशी ओरड ऐकलीत तर आधी बँड डी चा आकडा विचारा. उलटही होतं: घरं तेवढीच राहून प्रिसेप्ट वाढला की तुमचा आकडाही वाढतो. वरच्या कौन्सिलांना ठरावीक टक्क्यांपलीकडे कर वाढवायचा तर सार्वमत घ्यावं लागतं, टाउन कौन्सिलांना आजवर तशी मर्यादा लावलेली नाही. लगाम एकच, बैठकीत बसलेली माणसं. बजेटचं काम नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत चालतं, आणि बाहेर थंडी, अंधार, पाऊस असताना गावातलं कोणी येत नाही. मी गेलो होतो त्या जानेवारीच्या बैठकीत प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर मी आणि एक कुत्रा घेऊन आलेले आजोबा. बैठकीची विषयपत्रिका किमान तीन पूर्ण दिवस आधी लागते आणि बैठक जनतेला खुली असते. सुरुवातीला लोकांना बोलायला बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटं देतात. तेवढी पुरतात.

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, आपल्यासारखंच. वसंतात दोन सभा असतात आणि त्यांच्या नावांत नवखा माणूस हमखास फसतो. एक कौन्सिलची वार्षिक बैठक, मे महिन्यात. तिच्यात नगरसेवक आपल्यातूनच वर्षभरासाठी मेयर निवडतात, गळ्यात ती जड साखळी पडते, फोटो निघतात. मेयरला आपल्या नगराध्यक्षासारखी थेट निवडणूक नाही आणि फारसे अधिकारही नाहीत. दुसरी सभा गावाची वार्षिक सभा, १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान, संध्याकाळी सहाच्या आत सुरू करता येत नाही. ही तुमची. आपल्या ग्रामसभेची इंग्रज मावसबहीण म्हणा. ती मतदारांची सभा असते, कौन्सिलची नव्हे. वर्षभरात काय केलं, पैसा कुठे गेला, कोणत्या संस्थांना अनुदान दिलं याचा अहवाल तिथे वाचतात. चहा-बिस्किटं असतात. जायचं तर इथेच जा.

क्लार्क या शब्दाबद्दलही एक सांगतो. टाउन क्लार्क म्हणजे कारकून नव्हे. ती व्यक्ती आपल्याकडच्या मुख्याधिकाऱ्यासारखी, कायदा आणि बऱ्याच ठिकाणी हिशोबही तिच्याच हाती. नगरसेवक बहुतेक गावांत बिनपगारी आणि हौशी असतात, नोकरी करणारी खरी माणसं ही. आमच्याकडच्या बाईंना मी सुरुवातीला ‘तुमच्या साहेबांशी बोलायचंय’ म्हणालो होतो. त्या हसल्या म्हणून वाचलो.

आता हिशोब. जून अखेरपर्यंत कौन्सिलला मागच्या वर्षाचं विवरण मंजूर करावं लागतं. त्यातलं आकड्यांचं पान एकच असतं, चौकटींचं. ते छापून टेबलावर ठेवा आणि पेन्सिल घ्या. पहिली चौकट आरंभीची शिल्लक, दुसरी प्रिसेप्ट, तिसरी बाकीची आवक. चौथी पगार, पाचवी कर्जाचे हप्ते, सहावी इतर सगळा खर्च. सातवी अखेरची शिल्लक: पहिल्या तिनांची बेरीज वजा पुढच्या तिनांची बेरीज. शेजारी गेल्या वर्षीचे आकडे असतात. एखादा आकडा १५ टक्क्यांहून जास्त हलला असेल तर सहसा त्याचं स्पष्टीकरण जोडलेलं असतं आणि खरी गोष्ट त्या स्पष्टीकरणात असते. एका वर्षी आमच्या सहाव्या चौकटीने उडी मारली होती. कारण निघालं दफनभूमीची कोसळलेली भिंत.

चौथी चौकट मोठी दिसली म्हणून लगेच ‘पगारावरच उधळतात’ असं म्हणू नका. गवत कापणारा माळी, सभागृहाची देखभाल करणारा, सगळे त्यात येतात. ते काम ठेकेदाराला दिलं की तोच पैसा सहाव्या चौकटीत जाऊन बसतो. माझं लक्ष सातव्या चौकटीकडे असतं. तीन ते बारा महिन्यांच्या खर्चाएवढी सर्वसाधारण गंगाजळी रास्त मानतात. त्यापेक्षा बरीच जास्त असेल तर कशासाठी बाजूला काढली आहे हे विचारा. खेळाच्या मैदानाची डागडुजी, निवडणुकीचा खर्च अशी नावं घालून ठेवलेली असेल तर ठीक, नावच नसेल तर कर कशाला वाढवता हा प्रश्न रास्त आहे. त्याखाली मालमत्तेचीही एक चौकट असते, तिच्यावर फार विसंबू नका. बक्षीस मिळालेल्या जुन्या वस्तूंची किंमत पुष्कळदा नाममात्र १ पौंड लावलेली असते.

आणि नुसतं पान बघून भागत नसेल तर वह्या बघा. उन्हाळ्यात कामाचे ३० दिवस असे असतात, ज्यात जुलैचे पहिले दहा कामाचे दिवस यावेच लागतात, जेव्हा त्या वर्षाची बिलं, पावत्या, करार तुम्हाला फुकट बघता येतात. २०१४ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. मी एकदा गेलो. क्लार्कबाईंनी दोन जाड फायली समोर ठेवल्या, चहा दिला आणि आपल्या कामाला लागल्या. रोषणाईचं बिल बघायला गेलेला मी तासभर फुलांच्या टांगत्या परड्यांच्या बिलातच अडकलो. परड्या स्वस्त होत्या, त्यांना रोज पहाटे पाणी घालणं महाग होतं! घोटाळा वगैरे काही सापडला नाही. पुढच्या वर्षी तळाशी पाणी साठवणाऱ्या परड्यांचा विषय पत्रिकेवर आला. मी फक्त विचारलं होतं.

बघायला गावाच्या कारभाराशी संबंध असलेलं कोणीही जाऊ शकतं, पण लेखापरीक्षकाकडे हरकत घ्यायची तर मतदारयादीत नाव हवं. आपले लोक इथेच मागे राहतात. ‘आपण कुठे ब्रिटिश नागरिक?’ गरजच नाही. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे इथे राहण्याचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय नागरिकाला मतदारयादीत नाव घालता येतं आणि मतही देता येतं, टाउन कौन्सिलपासून पार्लमेंटपर्यंत. २०२३ पासून मतदानकेंद्रावर ओळखपत्र लागतं, आपला भारतीय पासपोर्ट चालतो. स्वतः उभं राहायचं असेल तर मात्र कायमच्या वास्तव्याचा परवाना लागतो. जागा रिकामी झाल्यावर ठरल्या मुदतीत दहा मतदारांनी निवडणूक मागितली नाही, तर कौन्सिल स्वतःच कोणाला तरी सामावून घेतं. कित्येक गावांत माणूस मिळत नाही म्हणून जागा महिनोन्महिने रिकामी असते.

शेवटी दोन फायद्याच्या गोष्टी. बहुतेक टाउन कौन्सिलं स्थानिक संस्थांना छोटी अनुदानं देतात. गणपतीला सभागृह घेता, तर मंडळाची घटना, बँक खातं आणि मागच्या वर्षीचा हिशोब तयार ठेवा, अर्जाची मुदत क्लार्कला विचारा. ‘फक्त आमच्या लोकांसाठी’ असं वाटलं तर अर्ज बाजूला पडतो, गावाला आमंत्रण आहे असं लिहिलंत तर वाचतात. दुसरी गोष्ट अलॉटमेंट. पूर्ण तुकडा म्हणजे दहा रॉड, सुमारे २५० चौरस मीटर, अजूनही याच जुन्या मापात बोलतात. अर्धा मागा, पूर्ण झेपत नाही. प्रतीक्षायादी लांब असते, आमचा नंबर यायला चार वर्षं लागली. घराचे खोके उघडण्याआधी नाव नोंदवा. जूनमधली मेथी आमच्याकडून न्या तोपर्यंत.