डांगर कधी काढायचं?

परसातली डांगरं, म्हणजे लाल भोपळे, घरात आणून ठेवली की देठाकडून सडायची. नुसत्या रंगावर जाणं सोडलं, तेव्हा हे थांबलं. आता आधी देठ बघते. हिरवा, रसरशीत असेल तर फळ वेलावरच राहू देते. देठ वाळून बुचासारखा खरबरीत झाला, फळाजवळचा वेटोळं घेतलेला तंतू सुकला, सालीची चमक गेली, की नख लावायचं. रुतलं नाही तर फळ तयार! कापताना दोन-तीन इंच देठ ठेवते. देठाला धरून मात्र उचलायचं नाही; तो तुटला की तिथूनच कूज शिरते. मग आठ-दहा दिवस कोरड्या, उबदार, हवेशीर जागी, न धुता. भाजीला कोवळंही चालतं म्हणा, पण घारग्यांना असं पिकलेलंच हवं. गूळही कमी लागतो.