ट्रायकोग्रामा ओळखायला शिकताना

कीटकशास्त्रात एम.एस्सी.ला आलेली मुलं विचारतात, परोपजीवी कीटकांच्या वर्गीकरणाचा विषय घ्यावा का, आणि घेतला तर सुरुवात कुठून करावी. माझी सुरुवात ट्रायकोकार्डापासून झाली, म्हणून तिथूनच सांगते.

ऊस पिकवणाऱ्या घरांना हे कार्ड नवं नाही. जाड कागदावर कॉर्सिरा पतंगाची साधारण 20,000 अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा वाढत असतात. कार्डाचे तुकडे पानाच्या मागच्या बाजूला टाचले, की दोनेक दिवसांत ट्रायकोग्रामा बाहेर पडतात आणि खोडकिडीच्या अंड्यात आपलं अंडं घालतात. किडीची अळी जन्मालाच येत नाही. ट्रायकोग्रामाला आपण सवयीने माशी म्हणतो, पण ही गांधीलमाशीच्या गणातली, लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर.

पहिले काही दिवस नाव शोधूच नका, नुसतं पाहा. डोळे लाल. पायाच्या टोकाला तीनच खंड, या कुलाची ही पक्की खूण. पंखांवर बारीक केसांच्या ओळी; ‘केस’ आणि ‘रेघ’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरूनच ट्रायकोग्रामा हे नाव पडलं. नराच्या मिशांवर लांब केस, मादीच्या मिशा टोकाला फुगीर. एवढं दिसलं की ट्रायकोग्रामा म्हणायला हरकत नाही. खरी अडचण पुढे, जात ठरवताना येते.

मी तिथेच चुकले. डिसेंबरात आमच्या कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत ट्रायकोग्रामा वाढवण्याच्या खोलीतला हीटर बंद पडला होता आणि ते आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या पिढीतल्या माश्या बाहेर पडल्या त्या नेहमीसारख्या पिवळट नव्हत्या, चांगल्या काळपट होत्या. ट्रायकोग्रामाची जापोनिकम ही जात गडद रंगाची असते एवढं वाचलेलं होतं. मी त्या वेगळ्या काढल्या, बाटलीवर ‘जापोनिकम’ लिहिलं आणि कल्चरमध्ये भेसळ झाल्याचं मार्गदर्शकांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “नर माउंट करून बघितलास का?”

म्हणजे स्लाइडवर बसवून मायक्रोस्कोपखाली. बघितला नव्हता. थंडीत वाढलेल्या ट्रायकोग्रामाचा रंग गडद होतो. यजमान अंडं, म्हणजे ज्यात ती वाढते ते अंडं, लहान असेल तर अंगही लहान राहतं. म्हणजे नवख्या नजरेला आधी दिसतात त्याच दोन गोष्टी सर्वांत कमी भरवशाच्या.

भरवशाचं काय, हे बंगळुरूत काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी दाखवून दिलं. नराचं जननेंद्रिय हाच जात ओळखण्याचा पक्का आधार, हे त्यांनी 1971 च्या शोधनिबंधात मांडलं. आज जगभर ट्रायकोग्रामावर काम करणारे याच वाटेने जातात, आणि ती वाट आपल्याकडच्या प्रयोगशाळेतून निघाली याचा मला फार अभिमान वाटतो. त्याआधी आपल्या उसातल्या कीटकाला मिन्युटम म्हणत, मग ऑस्ट्रॅलिकम म्हणू लागले. पण ऑस्ट्रॅलिकम हे जिरॉल्टने 1912 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वेगळ्या जातीला दिलेलं नाव. 1976 मध्ये विज्जानी यांनी आपल्या जातीला कन्फ्यूजम नाव दिलं, आणि पुढे ती इशी यांनी 1941 मध्ये जपानमधून वर्णन केलेली किलोनिसच निघाली. जुने अहवाल वाचताना नुसत्या नावावर विसंबू नका ते यासाठी.

आता स्लाइड. अल्कोहोलमधला नर झीरो नंबरच्या ब्रशच्या ओल्या टोकाने उचला. चिमट्याने धरलात तर चेंगरेल. कीटक स्लाइडवर बसवण्यासाठी होयर माध्यमाचा अगदी लहान थेंब घ्या, थेंब मोठा झाला तर नर तरंगत कडेला जातो. पाठ वर यायला हवी, कारण ओळख पटवणारी पाटी जननेंद्रियाच्या पाठीकडच्या बाजूला असते. कव्हरस्लिप एका कडेने हळूच टेकवत सोडा. मंद उबेला काही दिवस ठेवल्यावर अंग पारदर्शक होतं आणि 400 पट मोठं करून पाहिलं की किलोनिसची ती पाटी दिसते: त्रिकोणी, दोन्ही बाजूंना गोलसर, ठळक पाख्या असलेली. पहिल्या वीसेक स्लाइडी वाया जातात, तेवढे नर जास्तीचे धरूनच चाला. होयरची स्लाइड फार वर्षं टिकत नाही. संग्रहात ठेवायची असेल तर कॅनडा बाल्सम ही झाडाची राळच वापरा.

हाती फक्त माद्या असतील तर जात सांगायची घाई करू नका. आत ट्रायकोग्रामा वाढत असल्याने काळं पडलेलं एकेक अंडं वेगळ्या काचनळीत ठेवा, म्हणजे निघणारी मादी बाहेरच्या नराला भेटत नाही. नराला न भेटलेल्या मादीला कॉर्सिराची ताजी अंडी दिलीत, तर निघणारी सगळी संतती नरांचीच असते. फलित न झालेल्या अंड्यातून नर होतो, त्याचा असा उपयोग. वोल्बाकिया जिवाणूची लागण असलेल्या काही वाणांत मात्र तशाही माद्याच निघत राहतात. तिथे डीएनए तपासणी उपयोगी पडते.

कॉर्सिराच्या खोलीत मास्क लावूनच जा. पतंगांच्या पंखांची भुकटी छातीत जाते आणि पुढे दम्यासारखा त्रास देते. हे मला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

प्रत्येक स्लाइडवर गाव, पीक, कोणत्या किडीच्या अंड्यातून आली ते आणि तारीख त्याच दिवशी लिहा. माझ्या पेटीत डिसेंबरचा काळपट नर आणि मे महिन्यातला पिवळा नर शेजारी-शेजारी आहेत. नवीन मुलं आली की त्या दोन स्लाइडी आधी नुसत्या डोळ्यांसमोर धरायला देते, मग मायक्रोस्कोपखाली लावते. दोन्हीत तीच त्रिकोणी पाटी, त्याच गोलसर पाख्या.